झेब्रा स्वतः रंगवू नका (लांबलचक आहे, पण रविवारच्या आत वाचा)

नाशिकच्या दिंडोरी रोडला शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडता येत नाही, बाजार समितीकडून भाजीचे पिकअप सुसाट येतात, अर्ज देऊन सहा महिने झाले, म्हणून सोसायटीतले दहा-बारा जण येत्या रविवारी पहाटे स्वतःच झेब्रा पट्टे मारणार, वर्गणी जमली आहे, तर ऑइल पेंट कुठला टिकेल? तुमचा हा प्रश्न वाचून पोटात गोळा आला. चौक वेगळा आणि साल जुनं, बाकी सगळी आमचीच गोष्ट.

रंगाचं उत्तर आधी देऊन टाकतो: कुठलाच घेऊ नका. जाकिटं, शिट्ट्या, पालकांच्या पाळ्या हे सगळं तुम्ही करताच आहात, त्यावर मी वेगळं काय सांगणार.

आम्ही एप्रिलमध्ये रंगवले होते. पहाटे चार ते सहा, दोन्ही बाजूंना रिक्षा आडव्या लावून, सुतळीने रेघा आखून, पांढरा इनॅमल. तिसरा पट्टा ओला असतानाच एक कुत्रं त्यावरून रमतगमत गेलं आणि पावलांची रांग पट्ट्यावर उमटली. आम्ही हसलो, फोटो काढले आणि मिसळ खायला गेलो. पुढचा आठवडा नुसता कौतुकाचा.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि त्याच पट्ट्यावर एका बाईंची स्कूटी घसरली. मनगट मोडलं. त्या आमच्या वर्गणीदारांपैकीच होत्या. डांबराला खडबडीतपणा असतो, त्यावर घरगुती रंगाचा थर दिला की ओल्यात साबण. रस्त्यावरचे खरे पट्टे थर्मोप्लास्टिकचे असतात. ते वितळवून, गरम असताना ओततात आणि वर काचेचे बारीक मणी टाकतात, म्हणून रात्री दिव्यात चमकतात. डबा आणि ब्रश घेऊन होणारं ते काम नाही.

पण सगळ्यात महागात पडलं ते पुढेच. आमचा मूळ अर्ज एका कार्यालयात पडून होता. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. ऑगस्टमध्ये उत्तर आलं: "सदर ठिकाणी पादचारी पट्टे सुस्थितीत असल्याचे स्थळपाहणीत आढळून आले. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे." सोबत फोटो. फोटोत तिसऱ्या पट्ट्यावर कुत्र्याची पावलं! म्हणजे आमचाच रंग, आमचंच कुत्रं आणि काम मात्र त्यांनी केलेलं.

मी तो कागद घेऊन गेलो. टेबलावरच्या गृहस्थांनी चष्मा वर करून विचारलं, "मग पट्टे आहेत ना?" आहेत, पण ते आम्ही मारलेत म्हटलं, तर म्हणे, "मग ते अनधिकृत झाले. लिहून द्या." लिहून दिलं असतं तर आमच्यावरच आलं असतं. नाही दिलं तर तक्रार बंद. नवा अर्ज केला तर त्यावर "यापूर्वीच निकाली" असा शेरा. या चक्रात अख्खं वर्ष गेलं. साहेब साइटवर, साहेब मीटिंगला, साहेब निवडणुकीच्या कामाला. आवक-जावकच्या खिडकीवरचा शिपाईसुद्धा मला नावाने ओळखायला लागला, तोच काय तो माणूस तिथे चहा विचारायचा. असो.

शेवटी सुटलं ते माहितीच्या अधिकारामुळे. नुसतं "काय कार्यवाही केली" असं विचारू नका, त्याला गोल उत्तर येतं. मी विचारलं: या जागी पट्टे मारल्याचा कार्यादेश (काम करायचा लेखी आदेश) आणि मोजमाप पुस्तिकेतली (झालेल्या कामाची मापं लिहितात ती वही) नोंद, दोन्हींच्या प्रती द्या. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत. उत्तर आलं, "अभिलेखात आढळून येत नाही." हेच हवं होतं. एकीकडे काम झालंय म्हणणारं पत्र, दुसरीकडे कामाची नोंदच नाही म्हणणारं. दोन्ही कागद शेजारी शेजारी जोडून लोकशाही दिनात, म्हणजे अधिकारी समोर बसून तक्रारी ऐकतात त्या दिवशी, दिले. (महिन्याचा पहिला सोमवार, अर्ज आधी द्यावा लागतो.) त्यानंतर अभियंता स्वतः टेप घेऊन आला.

तुमच्या रस्त्याबद्दल पहिलं काम म्हणजे तो तुकडा नेमका कोणाकडे आहे हे लेखी घ्या. शहरात काही महापालिकेचा, काही सार्वजनिक बांधकामचा, हायवे असेल तर आणखी तिसऱ्याचा, आणि गाड्यांचं नियमन वाहतूक पोलिसांकडे. चुकीच्या दारात माहिती अर्ज पडला तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. साध्या तक्रारीला ही सोय नाही, म्हणून मी आधी माहिती अर्ज, मग तक्रार असाच क्रम ठेवतो.

दुसरं, मोजणी. भावना सांगून अभियंता हलत नाही, आकडा बघून हलतो. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची पादचाऱ्यांसाठी आयआरसी १०३ ही मार्गदर्शिका आहे. गर्दीच्या तासात ओलांडणारी माणसं गुणिले गाड्यांच्या संख्येचा वर्ग, हा गुणाकार दुभाजक नसलेल्या रस्त्यावर १० कोटींच्या वर गेला की नियंत्रित क्रॉसिंगचा, म्हणजे गाड्या थांबवायची सोय असलेल्या क्रॉसिंगचा, विचार व्हावा, असं त्यात आहे. दुभाजक असेल तर २० कोटी. आमच्याकडे शाळा सुटताना तासाला २०० माणसं आणि ८०० गाड्या भरल्या. ८०० चा वर्ग ६ लाख ४० हजार, गुणिले २०० म्हणजे १२ कोटी ८० लाख. हे गणित पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलं तेव्हा समोरच्याने पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढली. दोन मुलं, एक वही, एका गच्चीवरून मोबाइलचं चित्रीकरण, एवढं पुरतं. मात्र बुधवारी मोजू नका. त्या दिवशी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, बाजार असतो, आकडा फुगलाय म्हणून कोणीतरी फाटा फोडेल.

आता माझं ठाम मत, पटलं नाही तर सोडून द्या. नुसत्या झेब्राची मागणी करूच नका. आमच्या पट्ट्यांनी एकही गाडी हळू झाली नाही, उलट पोरं बिनधास्त उतरायला लागली. वेग कमी करणारं काहीतरी सोबत मागा. गतिरोधक मागितलात तर मापासकट मागा: ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, गोलाई असलेला. नाहीतर रात्रीतून ठेकेदार डांबराची वरवंट्यासारखी पुळी टाकून जातो आणि मणक्याचे डॉक्टर तेवढे सुखी होतात. भुयारी मार्ग किंवा पादचारी पूल देऊ केला तर सरळ नको म्हणा. आपल्या नाशिकच्याच द्वारका चौकातला भुयारी मार्ग आठवा, माणसं जिवावर उदार होऊन वरूनच जात राहिली. दप्तर घेऊन जिने उतरून चढायला कोणी तयार नसतं.

आणि कटू बोलतो: गेटसमोर उभ्या गाड्या कोणाच्या असतात बघा. आमच्या तर निम्म्या पालकांच्याच होत्या! दोन चारचाकींच्या फटीतून निघालेलं पोर पिकअपवाल्याला दिसणार कसं? गेटच्या दोन्ही बाजूंचा तुकडा नो पार्किंग करून घेतला, त्याने झेब्रापेक्षा जास्त फरक पडला, आणि त्याला रंगाचा एक थेंब लागला नाही. काही पालक अजून माझ्याशी बोलत नाहीत.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९८अ हे कलम आलं. रस्त्याच्या रचनेत किंवा देखभालीत मानकं न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला १ लाखापर्यंत दंड. अर्जात शेवटच्या ओळीत उल्लेख करा, धमकीच्या सुरात नको. मी वकील नाही, तेव्हा शब्दरचना एखाद्या जाणत्या माणसाला दाखवून घ्या.

सिंहस्थाची रस्त्यांची कामं चालू आहेत, त्यात तुमचा रस्ता असेल तर तेच दार ठोठावा. डांबरीकरणाच्या अंदाजपत्रकातच क्रॉसिंग आणि दुभाजकातली थांबायची जागा बसली तर वेगळा निधी लागत नाही. एकदा वरचा थर पडला की पुढची काही वर्षं "नुकतंच काम झालंय" हेच ऐकायचं. आमचं तसंच झालं. पट्टे आणि गतिरोधक मिळाले, दुभाजकातली जागा आजवर नाही.

घेतलेल्या डब्यांचं म्हणाल तर सील फोडलं नसेल तर दुकानदार बदलून देतो का बघा. आमच्याने दिले नाहीत. उरलेला रंग शाळेच्या आवारात मैदानावर वापरला, पहिली-दुसरीच्या मुलांना उजवी-डावीकडे बघून ओलांडायची सवय लागावी म्हणून. पावसाळ्याआधी तिथलेही पट्टे खरवडून काढले.