सावत्र बापाला शिक्षा झाली, पण रायफली अजून घरातच

ताई, तुमचा प्रश्न वाचून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. टेक्सासला बहिणीच्या नवऱ्याने तिच्या पहिल्या लग्नाच्या मुलाला मारलं, कोर्टात गुन्हा कबूल केला, प्रोबेशनवर (कोर्टाच्या देखरेखीखाली, तुरुंगाबाहेर) सुटला, आणि दोन रायफली अजून कपाटात आहेत. हे चालतं का, असं विचारलंत. बहुधा नाही चालत.

गुन्हा फेलनी, म्हणजे गंभीर असेल तर बंदूक बाळगायला बंदी आहेच. मिसडिमीनर, म्हणजे किरकोळ असला तरी १९९६ची लॉटेनबर्ग दुरुस्ती आहे; घरात मारहाण केल्याबद्दल दोषी ठरलेल्याला ती बंदूक ठेवू देत नाही. ती फक्त बायकोला मारणाऱ्यापुरती आहे असा समज आहे, पण मुलाला मारणारे आईबाप आणि घरात बाप म्हणून राहणारा सावत्र बापही तीत येतो. शेजारी किंवा खेळाचा कोच मिसडिमीनरवर सुटला तर मात्र येत नाही. हे मला फार खुपतं.

आधी निकालाची प्रत मिळवा. तडजोडीत कलम बदललं असेल आणि नव्या कलमात बळाचा वापर हा घटकच नसेल, तर ही बंदी लागत नाही. सीपीएसने (सरकारच्या बालसंरक्षण खात्याने) 'अत्याचार झाला' असा शेरा मारला म्हणजे दोषी ठरला असं नाही. तेवढ्याने बंदूक जात नाही. मी कोर्टात मुलांसाठी स्वयंसेवक म्हणून काम करते. एका सहा वर्षांच्या मुलीने मला घराचं चित्र काढून दिलं होतं: दार, खिडकी, पलंग आणि पलंगाखाली लांब काळी रेघ. "ती बाबांची," म्हणाली. त्या बापावर फक्त शेराच होता.

निकालाची नोंद एफबीआयकडे गेली का, तेही वकिलाकडून बघून घ्या. टेक्सासमधल्या सदरलँड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये ५ नोव्हेंबर २०१७ला गोळीबार करणाऱ्याला हवाई दलाने २०१२मध्येच बायकोला आणि तान्ह्या सावत्र मुलाला मारल्याबद्दल शिक्षा दिली होती. बाळाची कवटी फुटली होती. ती नोंद एफबीआयला कळवलीच नाही, म्हणून दुकानात तपासणी होऊनही त्याला बंदुका मिळाल्या. २६ जीव गेले.

बहिणीला संरक्षण आदेश मागता येईल. दोन्ही बाजूंची सुनावणी होऊन निघालेल्या आदेशात जोडीदाराचं मूलही धरतात आणि तो असेपर्यंत बंदूक ठेवता येत नाही. २०२४मध्ये रहीमी खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी ही बंदी कायम ठेवली.

रायफलींना तिने स्वतः हात लावू नये, त्याच्याशी वादही घालू नये. तो घरात नसताना १-८००-७९९-७२३३ या घरगुती हिंसाचाराच्या मदतवाहिनीवर फोन करू दे. निकालातलं कलम मला कळवा, नाव-पत्ता नको. आज रात्री मी जागीच आहे.