हात सैल असेल तर टाके कमी घाला

यजमानांचा स्वेटर नमुन्याप्रमाणेच विणला. पाठीला ११० टाके, लोकर आणि सुयाही सांगितल्या तशाच. तरी ढगळ झाला. माझ्या विणीत १० सेंमीत २० टाके बसतात, नमुन्यात २२ आहेत. (गंगापूर रोड)

ताई, विणकाम चुकलेलं नाही, तुमचा हात सैल आहे. नमुन्यातली पाठ ५० सेंमीची. तुमच्या हातून तेच ११० टाके ५५ सेंमी झाले. पुढचा भाग धरला की घेर १० सेंमीने वाढला.

आधी एक नंबर बारीक सुई घेऊन बघा. तरी २२ बसले नाहीत, तर ५० सेंमीसाठी १०० टाके घाला. काठ दोन सुलट, दोन उलट असा असेल आणि दोन्ही कडा सारख्या हव्या असतील तर १०२. हात आवळून मात्र विणू नका. गप्पांच्या नादात तो पुन्हा सैल पडतो आणि एकाच पाठीवर दोन तऱ्हेची वीण दिसते.

नमुन्याचा तुकडा निदान १५ सेंमीचा विणा, धुऊन वाळवा, मगच मधले १० सेंमी मोजा. कडेचे टाके ओढलेले असतात, ते धरू नका. आणि ॲक्रिलिकवर गरम इस्त्री नको, वीण कायमची लुळी पडते.

टाके जुळतात, पण १० सेंमीत ओळी नमुन्यात ३० आणि माझ्या २६. बाहीचं काय करू? (निफाड)

पाठ-पोटाला ओळी मोजूच नका, टेप लावा. बाहीत मात्र वाढी, म्हणजे टाके वाढवणं, ओळींवर असतात, तिथे हिशोब हवाच. समजा, नमुन्यात दर आठव्या ओळीला वाढ, अशा १५ वाढी, म्हणजे १२० ओळींत ४० सेंमी. तुमच्या हातून त्याच ओळी ४६ सेंमी होतील, बाही बोटांवर येईल. तुमच्या ४० सेंमीत १०४ ओळी बसतात. म्हणून पहिल्या ८ वाढी दर सहाव्या ओळीला आणि पुढच्या ७ दर आठव्या ओळीला करा : ४८ आणि ५६, बरोबर १०४. सगळ्या वाढी सुलट बाजूलाच येतात, हे मला फार आवडतं.

आजीच्या ८ नंबरच्या सुयांवर अमेरिकी नमुना विणू का? त्यातही ८ नंबरच आहे. (नाशिकरोड)

नको. आपल्याकडचे जुने नंबर ब्रिटिश पद्धतीचे. त्यातली ८ म्हणजे ४ मिमी. अमेरिकी ८ म्हणजे ५ मिमी. मिमीच बघा.

देवाचं क्रोशाचं गोल आसन वाटीसारखं वर येतं. (पंचवटी)

आधी नमुना कुठला ते बघा. ब्रिटिश ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब (बुटका टाका), अमेरिकी ‘डबल क्रोशे’ म्हणजे खांब (उंच टाका). मुक्या खांबाच्या गोलात दर फेरीला ६ टाके वाढतात. तिथे खांब घातले तर वाटी होणारच, खांबाला साधारण १२ लागतात. तेवढे असूनही कडा उचलत असेल, तर तुमचे खांब उंच आणि अरुंद आहेत. सुई एक नंबर जाड घ्या किंवा फेरीला १३-१४ वाढवा. कडेला झालर पडू लागली की एक-दोन कमी करा.