सेकंडहँड घ्यायची तर छोटा हत्ती की पिकअप?

तुमचा प्रश्न मी असा वाचला: नरखेड तालुक्यात सहा एकर संत्रा, दोन एकर कापूस-तूर. घरचा माल न्यायचा आणि उरलेल्या दिवसांत गावातली भाडी मारायची. 2016 चा टाटा एस, म्हणजे छोटा हत्ती, सव्वादोन लाखांत मिळतोय, 2015 चं बोलेरो पिकअप चार लाखांत. पावणेदोन लाख जास्त घालावेत का?

भाऊ, मी काटोल-जलालखेडा पट्ट्यातलाच आहे. आधी सात वर्षं छोटा हत्ती चालवला, आता पाच वर्षांपासून पिकअप आहे. दोन्ही गाड्या जुन्याच घेतल्या, त्यामुळे तुमची घालमेल मला कळते.

पण एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाही. संत्रा तुम्ही स्वतः तोडून नागपूरच्या कळमना बाजारात नेता, की बाग झाडावरच व्यापाऱ्याला देता? आपल्याकडे अर्धेअधिक कास्तकार बाग देऊन मोकळे होतात. मग तोडणीचे मजूर व्यापाऱ्याचे आणि गाडीही त्याचीच. तुमचं तसं असेल तर सहा एकरांचा संत्रा तुमच्या गाडीत कधी चढणारच नाही. उरतं काय? खताची पोती, ढेप, औषधाचे डबे, तुरीचे पाच-दहा कट्टे आणि गावातलं सटरफटर भाडं. एवढ्यासाठी पिकअप पोसू नका, छोटा हत्ती घ्या.

स्वतः नेत असाल तर हिशेब पार बदलतो. भरलेला कॅरेट 22 किलोचा धरा. जुन्या टाटा एसची पासिंगची (कागदावरची माल वाहायची) क्षमता 750 किलो, म्हणजे 34 कॅरेट. सव्वा टनाच्या पिकअपमध्ये 56 बसतात. माझ्या गावाहून कळमना जाऊन-येऊन 150 किलोमीटर पडतं. छोटा हत्ती मला लिटरला 17 द्यायचा, भरलेलं पिकअप 12 देतं. म्हणजे एका फेरीला एसला नऊ लिटर, पिकअपला साडेबारा. एवढंच पाहिलं की एस स्वस्त वाटते. पण दिवसाचा तोडा 55 कॅरेटचा असेल तर एसच्या दोन फेऱ्या होतात, अठरा लिटर डिझेल जातं, आणि दुसरी फेरी पोचते तोवर लिलाव आटोपलेला असतो. उरलेला माल मग पडत्या भावात जातो.

यावर गावात सगळे एकच तोड सांगतात: एसमध्येच सव्वा टन घाला, काही होत नाही. मीही तेच केलं. अंबिया बहाराच्या संत्र्याचा तोडा होता. 58 कॅरेट घातले आणि पहाटे तीनला निघालो. काटोल सोडून पुढे आलो, कळमेश्वर यायचं होतं, आणि मागून बंदुकीसारखा आवाज झाला. डाव्या बाजूचा मुख्य पाटा, म्हणजे चाकावरची स्प्रिंगची पट्टी, तुटला होता. हौदा टायरवर टेकला, रबर जळाल्याचा वास सुटला. अंधारात मोबाईलच्या उजेडात सगळे कॅरेट उतरवून दुसऱ्या गाडीत भरले. खालचे दाबले गेले होते, ते निम्म्या भावात द्यावे लागले. नंतर मिस्त्रीने गाडी जॅकवर घेतली आणि मला खाली बोलावून बोट ठेवून दाखवलं. पाटा जिथे चेसिसला लटकतो त्या हँगरजवळ चेसिसला जुनी चीर होती. कोणीतरी ती वेल्डिंग करून वरून काळा रंग मारला होता. मी घेण्याआधीपासूनच ती गाडी मोडलेली होती.

तेव्हापासून जुन्या गाडीच्या बाबतीत मी एकच मानतो. कंपनीने किती वजन सांगितलं ते नंतर बघायचं, आधीच्या मालकाने किती लादलं ते आधी बघायचं. दीड टन ओढून पिळलेला छोटा हत्ती आणि रोज किराणा वाहिलेला छोटा हत्ती आरसी बुकवर सारखेच दिसतात. पिकअपचंही तेच. आरसीवर चंद्रपूरचा एमएच 34 नंबर असेल तर कोळशात चालली का हे नक्की विचारा. आपल्याच भागातली गाडी रेतीवर चाललेली असू शकते. ओली रेती हौद्यात जेमतेम अर्ध्यापर्यंत दिसते, पण वजन पुरतं भरलेलं असतं.

बघायला जाल तेव्हा सकाळी लवकर जा आणि आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर मालकाने गाडी आधीच सुरू करून ठेवली आहे, इंजिन थंड असताना ती उचलते का हे तुम्हाला कळणार नाही. दुसऱ्या दिवशी परत जा. मग टॉर्च घेऊन गाडीखाली शिरा. मागच्या पाट्यांची पानं मोजा. दोन्ही बाजूंना सारखी हवीत. एखादं पान वेगळ्या रंगाचं किंवा नवं दिसलं तर वजनासाठी पाटा वाढवलेला असू शकतो. चेसिसवर हँगरजवळ आणि केबिनच्या मागे बोट फिरवा. वेल्डिंगची गाठ हाताला लागते, ती रंगाने लपत नाही. सगळी गाडी धुळीने माखलेली आणि तेवढा तुकडाच नवा काळा असेल तर तिथूनच परत फिरा. मी अशा दोन गाड्या सोडल्या, एक तर भावाने फार स्वस्त होती.

इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडा. तिथून भकाभका धूर येत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे इंजिनातला दाब पिस्टनच्या बाजूने खाली गळतोय, इंजिनाचं काम निघणार. थोडं चढावर नेऊन तिसऱ्या गियरला दाबा. आवाज वाढला पण गाडी पुढे सरकत नाही, म्हणजे क्लच प्लेट गेली. चाळीसच्या वेगात मागून घूंऽऽ असा आवाज आला तर क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या ॲक्सलमधले गियर, बघून घ्या. पिकअपमध्ये हे काम खर्चाचं आहे. एकंदरीतच पिकअपचा प्रत्येक सुटा भाग एसपेक्षा महाग पडतो. पहिल्या वर्षासाठी चाळीस-पन्नास हजार बाजूला ठेवता येत नसतील तर चार लाखांची गाडी घेऊ नका.

आरसी हातात घ्या. त्यावर रिकाम्या गाडीचं वजन आणि एकूण वजन लिहिलेलं असतं. दोन्हींतला फरक म्हणजे तुमची खरी क्षमता. बोलेरो पिकअप हे नाव ऐकून 1.7 टन धरू नका. त्यात सव्वा टनापासून 1.7 टनापर्यंत प्रकार आहेत, आणि जुनी बहुधा सव्वा टनाची निघते. एकूण वजन 3000 किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही, त्यावर गेलं की लागतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला 20,000 रुपये दंड आणि जादा प्रत्येक टनाला 2,000, शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत. एका दंडात छोट्या हत्तीची पंधरा भाडी जातात. लायसन्सची काळजी नको. 7500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये ते पक्कं केलं. दोन्ही गाड्या आठ वर्षांपुढच्या आहेत, म्हणजे फिटनेस दरवर्षी करावं लागेल. बँकेचा बोजा आणि थकलेले ई-चलान पैसे देण्याआधी बघा.

पांदणीचं, म्हणजे वावराच्या कच्च्या वाटेचं, वेगळं सांगतो, कारण पिकअप घेतलं की वावरापर्यंत जाईल असं सगळ्यांनाच वाटतं. पावसात काळ्या मातीत दोन्ही फसतात. एसची 12 इंची चाकं लवकर रुततात, पण ती चार माणसांनी ढकलून निघते. पिकअपची चाकं 15 इंची, ते थोडं पुढे जातं आणि मग असं बसतं की ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. बागेतून डांबरीपर्यंत माल ट्रॅक्टर-ट्रॉलीनेच आणा.

कापसाचं भाडं मिळणार असेल तर पिकअपकडे झुका. कापूस फुगतो, वजन भरायच्या आधीच हौदा भरतो, तिथे जागाच कामाला येते. उलट दहा-पंधरा कॅरेट टोमॅटो-संत्र्याचं भाडं पिकअपमध्ये तोट्याचं आहे. त्याचे पाटे कडक असतात. अर्धी रिकामी गाडी खड्ड्यांत उडते आणि माल खाली मार खातो. अशा वेळी मी कॅरेट पुढे, केबिनला लावून रचतो, खाली तुराट्या किंवा जुने बारदाने टाकतो.

तुम्ही माल स्वतः नेत असाल, भाड्यात कापूस-सोयाबीन असेल, आणि ते पिकअप खालून साफ निघालं, तर पावणेदोन लाख जास्त घाला. साफ नसेल तर एसही घाईने उचलू नका. हा हंगाम भाड्याच्या गाडीवर काढा आणि किती कॅरेट, किती कट्टे, किती फेऱ्या झाल्या ते वहीत लिहून ठेवा. त्या पिकअपच्या मागच्या पाट्यांचे आणि हँगरजवळच्या चेसिसचे फोटो इथे टाकता आले तर टाका, मी बघून सांगतो.