‘इफ आय वर यू’ शिकवताना

मॅडम, नियम आधी फळ्यावर लिहू नका. मराठीत ‘मी तुझ्या जागी असतो तर गेलो असतो’, दोन्हीकडे ‘असतो’. म्हणून खानापूरकडची आपली पोरं इंग्रजीतही दोन्हीकडे ‘वुड’ घालतात. ‘इफ’च्या बाजूला भूतकाळ, ‘वुड’ पलीकडच्या बाजूला, एवढं ठसवा. इथं पोरांचं कन्नड कामाला येतं: ‘इद्दरे’ म्हणजे ‘असतो तर’, त्यातलं ‘इद्द’ भूतकाळाचंच रूप आहे. (माझ्या हे फार उशिरा लक्षात आलं!) मग अडचणी द्या. बेळगावची शेवटची बस चुकली, पाहुण्यांसाठी आणलेला कुंदा वाटेतच संपला. शेजारच्यानं सल्ला द्यायचा. हसू द्या, चुकू द्या, लगेच टोकू नका. ‘वर’ की ‘वॉज’ यावर तास घालवू नका. बोलताना ‘वॉज’ही ऐकू येतं, पेपरात मात्र ‘वर’च लिहायला सांगा.