नॅनोवायरऐवजी नुसते कण येत असतील, तर आधी बाटली तपासा

तुमची पोस्ट वाचली आणि उत्तर दिल्याशिवाय राहवलं नाही. पारदर्शक इलेक्ट्रोडसाठी लागणाऱ्या चांदीच्या नॅनोवायर, म्हणजे अतिसूक्ष्म तारा, तुमच्या सीनियरच्या हातून व्यवस्थित यायच्या. वही तीच, ऑइल बाथ तोच, तापमानही तेच. पण इथिलीन ग्लायकॉलची, म्हणजे ज्या द्रवात तारा वाढवायच्या त्याची, नवी बाटली उघडल्यापासून तुमच्याकडे आधी पिवळा रंग येतो, थोड्या वेळाने तो फिका पडतो आणि शेवटी हिरवट-पिवळं गढूळ द्रावण उरतं. एसईएममध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, गोळे आणि घन, तार एखादीच. आणि गाइड म्हणतात, हात बसलेला नाही. हे सगळं मी जसंच्या तसं भोगलंय, म्हणून सविस्तर लिहितेय.

काचेची भांडी, ताजं सिल्व्हर नायट्रेट, बाथऐवजी फ्लास्कमधलं तापमान मोजणं, हे सगळं तुम्ही करत असणारच असं धरून चालते. तुमच्या वर्णनातली महत्त्वाची खूण म्हणजे पिवळा येऊन फिका पडणं. पिवळा रंग बारीक चांदीच्या कणांचा. तो परत जातो म्हणजे झालेले कण पुन्हा विरघळतायत. क्लोराइड आणि हवेतला ऑक्सिजन मिळून आधी जुळे, म्हणजे एकमेकांना जोडून वाढलेले, स्फटिक खातात, कारण त्यांच्या सांध्यांवर दोष असतात. आणि तार वाढते ती नेमकी त्या पाच पाकळ्यांच्या जुळ्या बीजांपासूनच. ती बीजं गेली की एकसंध स्फटिकाची बीजं उरतात, त्यांचे घन होतात. कृतीत कॉपर क्लोराइड घालतो, त्यातल्या तांब्याचं काम इथे असतं: तांबं बीजाच्या पृष्ठभागावरचा ऑक्सिजन उचलतं आणि बीज वाचतं. म्हणजे क्लोराइडही हवं आणि तांबंही हवं, पण दोन्ही बेतात.

आता बेत म्हणजे किती, ते कागदावर मांडा. तुम्ही वापरताय ती कृती 2008 सालच्या कोर्टे, स्क्राबालाक आणि शिआ यांच्या पेपरची दिसते: 5 मिलिलिटर ग्लायकॉल 150 अंशांवर तासभर, मग 4 मिलिमोलर कॉपर क्लोराइडचे 40 मायक्रोलिटर, पंधरा मिनिटांनी दीड मिलिलिटर पीव्हीपी (तारेच्या बाजूंना चिकटणारं पॉलिमर) आणि दीड मिलिलिटर सिल्व्हर नायट्रेट. कॉपर क्लोराइड भरलं 0.16 मायक्रोमोल, त्यातून क्लोराइड 0.32 मायक्रोमोल, म्हणजे साधारण 11 मायक्रोग्रॅम. एकूण द्रावण 8 मिलिलिटर, वजन नऊ ग्रॅमच्या आत. भागाकार केला की आपण मुद्दाम घातलेलं क्लोराइड येतं सव्वा पीपीएमच्या, म्हणजे वजनाच्या दहा लाख भागांत सव्वा भागाच्या, आसपास. आता बाटलीचं लेबल वाचा. तिथे क्लोराइडची कमाल मर्यादा समजा 5 पीपीएम छापलेली असेल, तर बाटली पूर्णपणे नियमात राहूनही तुमच्या मापाच्या चौपट क्लोराइड स्वतःच घेऊन येऊ शकते. मग पिपेटने कितीही काटेकोर 40 मायक्रोलिटर घाला, उपयोग काय? लोखंडाचंही तसंच. शिआ यांच्याच गटाने 2005 मध्ये दाखवलं होतं की लोखंडाचा अंशसुद्धा उत्पादनाचा आकार बदलतो. हे मला पहिल्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर!

आता ज्याने माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं त्याबद्दल. केमिस्ट्रीपेक्षा जास्त त्रास मला आमच्या तेव्हाच्या संस्थेच्या खरेदी विभागाने दिला. नाव घेत नाही. इंडेंटवर, म्हणजे खरेदीच्या मागणीपत्रावर, मी ग्लायकॉलचा उत्पादक, कॅटलॉग नंबर आणि ग्रेड स्पष्ट लिहिला होता. वर जाताना त्याच कागदावर शेरा पडला, "समतुल्य चालेल". मला विचारलं नाही, गाइडना विचारलं नाही. तुलनात्मक तक्त्यात सर्वांत कमी दराचा पुरवठादार निवडला गेला आणि वेगळ्याच कंपनीचा एलआर, म्हणजे साध्या प्रयोगशाळा ग्रेडचा, माल आला. मी तक्रार घेऊन गेले तर उत्तर मिळालं, "ग्लायकॉल ते ग्लायकॉल, मॅडम. गाडीच्या कूलंटमध्येही हेच असतं."

मी म्हटलं, ठीक आहे, निदान या लॉटचं विश्लेषण प्रमाणपत्र मागवून द्या. पुरवठादाराला दोन ओळींचा मेल करायचा होता. त्यावर सांगण्यात आलं की तांत्रिक पत्रव्यवहार विभाग करत नाही. मग मी थेट पुरवठादाराला लिहिते म्हटलं, तर खरेदी प्रक्रियेत संशोधकाने पुरवठादाराशी परस्पर संपर्क करायचा नाही असा नियम समोर आला. बाटली परत करायची तर सील फुटलेलं. सील न फोडता ती वाईट आहे हे कळणार कसं, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली, आणि मी दर आठवड्याला तापमान, ढवळण्याचा वेग, थेंबांचा वेग बदलून बघत राहिले. जवळजवळ पूर्ण शैक्षणिक वर्ष त्यात गेलं. ज्यासाठी मला या तारा हव्या होत्या ते पारदर्शक हीटरचं काम तोपर्यंत दुसरीकडे कुणी छापून मोकळं झालं होतं आणि माझी फेलोशिप संपत आली होती. अजूनही आठवलं की जीव जळतो. सहाशे-सातशे रुपये वाचवले म्हणून कुणाच्या तरी अहवालात ते बचतीत दाखवलं गेलं असेल. माझं वर्ष मात्र कुठल्याच रकान्यात धरलं गेलं नाही.

गाठ सुटली ती शेजारच्या लॅबमुळे. त्यांच्याकडे जुन्या कंपनीच्या बाटलीचा तळ शिल्लक होता. तो घेऊन तीच कृती केली आणि त्याच संध्याकाळी द्रावण राखाडी होऊन ढवळताना रेशमासारख्या लकेरी मारायला लागलं. त्या लकेरी एकदा दिसल्या की एसईएमची वाट बघावी लागत नाही. मग मी चांगल्या ग्लायकॉलमध्ये मुद्दाम मिठाचा अंश घातला आणि तेच गढूळ द्रावण पुन्हा तयार करून दाखवलं. दोन कुप्या शेजारी-शेजारी ठेवल्यावर गाइडचं मत बदललं. तुम्हीही हेच करा, वाद घालण्यापेक्षा ते जास्त चालतं.

तर तुमच्यासाठी माझा क्रम असा. जुन्या बाटलीत थोडंही ग्लायकॉल उरलं असेल तर ते आजच वेगळं काढून, नाव लिहून ठेवा, फेकायचं नाही. मग दोन्ही ग्लायकॉल थंड असतानाच थोडं डिस्टिल्ड पाण्यात मिसळा, पातळ नायट्रिक आम्लाचे दोन थेंब टाका, मग सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण. काळ्या कागदासमोर धरून बघा. नवी बाटली जास्त धुरकट दिसली तर क्लोराइड सापडलं. अगदी कमी प्रमाण या परीक्षेत निसटू शकतं, म्हणून काही दिसलं नाही तरी बाटली निर्दोष सुटली असं समजू नका. त्यानंतर छोट्या कुप्यांमध्ये, एकाच बाथमध्ये, एकाच वेळी कॉपर क्लोराइडची शिडी लावा: शून्य, 10, 20, 40, 80 मायक्रोलिटर. नव्या ग्लायकॉलमध्ये क्लोराइड आधीच असेल तर सगळ्यात चांगला निकाल 40 वर न येता दुसरीकडे कुठेतरी येईल. मोठा फ्लास्क लावून एकेक प्रयोग करत बसणं मला तरी वेळेची नासाडी वाटते.

पीव्हीपीकडेही बघा. तिथे फसवणूक वेगळी आहे. कृतीतलं 114 मिलिमोलर हे साखळीतल्या एकेका कडीवर मोजलेलं असतं, त्यामुळे 55,000 रेणुभाराचं घ्या की 10,000 चं, ग्रॅम तेवढेच भरतात. तराजूला फरक कळत नाही, खरेदी विभागाला तर नाहीच. पण आखूड साखळी तारेच्या बाजूच्या पृष्ठभागांना नीट धरत नाही आणि तारांऐवजी कणांचं प्रमाण वाढतं. लेबलवर नुसतं 'पीव्हीपी' लिहिलेलं असेल आणि के-व्हॅल्यू (साखळीची लांबी सांगणारा आकडा) नसेल, तर ती बाटली मी या कामाला लावणार नाही.

इंडेंटचं सांगते. तुमची संस्था केंद्राच्या निधीवर चालत असेल तर 2017 च्या जनरल फायनान्शिअल रूल्समधला 166 क्रमांकाचा नियम वाचा. प्रोप्रायटरी आर्टिकल सर्टिफिकेट (हाच उत्पादक का हवा याचं प्रमाणपत्र) जोडून एकाच उत्पादकाचा माल मागता येतो. गाइडची सही आणि तांत्रिक कारण लागतं. कारणात वरचा सव्वा पीपीएमचा हिशोब जसाच्या तसा लिहा, आणि "लॉटचं विश्लेषण प्रमाणपत्र मालासोबत आवश्यक" ही अट इंडेंटमध्येच टाका, नंतर कुणी देत नाही. राज्य विद्यापीठांचे नियम वेगळे असू शकतात, तिथे हिशोब विभागातल्या जाणकार माणसाला आधी भेटा. अशी माणसं असतात, आणि ती फार मोलाची असतात.

दोन गोष्टी जाता जाता. चांदी लागलेली भांडी अ‍ॅक्वा रेजियाने धुऊ नका. सिल्व्हर क्लोराइड काचेला आणि ढवळायच्या चुंबकीय बीडला चिकटून बसतं आणि पुढच्या बॅचला नकोसं क्लोराइड देतं. पातळ नायट्रिक पुरे. पण तार धुताना वापरलेलं अ‍ॅसिटोन किंवा इथेनॉल नायट्रिकच्या कचऱ्यात कधीही ओतू नका, आणि सिल्व्हर नायट्रेट-अमोनियाचं मिश्रण साठवून ठेवू नका. दोन्हींनी स्फोट होऊ शकतो.

खाली कुणीतरी तुम्हाला हे सोडून अ‍ॅल्युमिनाच्या सच्छिद्र साच्यात इलेक्ट्रोडिपॉझिशन करा असं सुचवलंय. निकेल-कोबाल्टच्या चुंबकीय तारा हव्या असतील तर मीही तेच म्हणेन. व्यास छिद्राने ठरतो, लांबी विद्युतभाराने, हिशोब सरळ. पण पारदर्शक इलेक्ट्रोडला फिल्मवर पसरायला भरपूर लांब तारा लागतात आणि दर वेळी साचा विरघळवून काढणं परवडत नाही. माझ्या मते तुमच्या कामाला पॉलिऑल पद्धतच, म्हणजे गरम ग्लायकॉलमध्ये तारा वाढवणंच, बरोबर. माझा अनुभव चांदीचा आणि लहान बॅचचा आहे, तांब्याच्या तारांना तो लावू नका.

नव्या आणि जुन्या बाटलीच्या लेबलचे फोटो, पीव्हीपीची के-व्हॅल्यू आणि जमलं तर धुतलेल्या नमुन्याचा यूव्ही स्पेक्ट्रम (प्रकाश शोषणाचा आलेख) इथे टाका. 350 आणि 380 नॅनोमीटरच्या आसपास शिखरं असतील तर तारा आहेत, 400 च्या पुढे रुंद फुगवटा असेल तर कणच जास्त. शिडीचा निकाल आला की तोही लिहा, मी बघते.