आइसलँडचा घोडा आणि लेकीचे ग्लोव्हज

प्रश्न : ताई नमस्कार, जूनच्या शेवटी आम्ही आइसलँडला चाललोय, मी, नवरा, 9 वर्षांची मुलगी आणि सासूबाई (वय 68). मुलीने यंदा सुट्टीत घोडेस्वारीचा क्लास लावला होता त्यामुळे तिकडे घोड्यावर बसायचंच असा हट्ट आहे, स्वतःचे ग्लोव्हज आणि बूट तिने बॅगेत भरूनपण ठेवलेत. आमच्या दोघांचा अनुभव म्हणजे माथेरान, तेही लगाम घोडेवाल्याच्या हातात. सासूबाई म्हणतात मीपण बसणार, पण त्यांचे गुडघे दुखतात. जावं का? किती वेळाची राइड घ्यावी?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : जा, नक्की जा. पण आधी ती बॅग उघडा आणि ग्लोव्हज बाहेर काढा. वापरलेले रायडिंगचे ग्लोव्हज, खोगीर, लगाम असलं काहीही आइसलँडमध्ये नेता येत नाही, आणि बूट न्यायचेच असतील तर नीट धुऊन जंतुनाशक लावून न्यावे लागतात, त्यापेक्षा तेही घरीच ठेवा. हे लेकीला तुम्ही नीट समजावून सांगा, नुसतं 'नाही' म्हणू नका, कारण घोड्यांवर जीव असलेल्या मुलीला हे लगेच कळेल. इसवी सन 982 पासून त्या बेटावर बाहेरचा घोडा आणायला बंदी आहे असं सांगतात, आणि आजही तिथला घोडा एकदा स्पर्धेसाठी का होईना देशाबाहेर गेला की त्याला परत घरी येता येत नाही. एवढी शतकं एकटे राहिल्यामुळे बाहेरच्या रोगांशी लढायची ताकद त्या घोड्यांत नाही. 2010 साली खोकल्याची साथ देशभरातल्या घोड्यांमध्ये पसरली आणि त्यांचा लांड्समोट नावाचा मोठा राष्ट्रीय घोडे-मेळावा त्या वर्षी होऊच शकला नाही, 2011 ला घ्यावा लागला. एका हातमोज्याला लागलेली घाण म्हणजे काय ते यावरून कळतं.

आता राइडचं. बुकिंग करताना अनुभव विचारतात तिथे चौघांचंही 'अगदी नवखे' असंच लिहा, मुलीचंसुद्धा. तिथे लगाम तुमच्याच हातात असतो, पुढे-मागे गाइड असतात आणि घोडे रांगेत चालतात, पण दोरी धरून कोणी सोबत चालत नाही, माथेरानपेक्षा हाच मोठा फरक. घोडा दिसायला बुटका, खांद्यापर्यंत साधारण 135-140 सेंटिमीटर, पण मोठा माणूस आरामात वाहून नेतो, आणि त्याला पोनी म्हटलेलं तिथल्या लोकांना अजिबात आवडत नाही. त्याची खासियत म्हणजे 'टोल्ट' चाल. दुडक्या चालीत घोडा आपल्याला वर-खाली आपटतो तसं यात होत नाही, कारण एक तरी पाय कायम जमिनीवर असतो, हातातला भरलेला ग्लास हिंदकळत नाही इतकी सरळ चाल. आपल्याकडे मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांची 'रेवाल' चाल असते तिच्या जवळची म्हणा. मुलीला क्लासमध्ये दुडकीवर उठ-बस करायला शिकवलं असेल, टोल्टमध्ये तसं उठायचं नाही, शांत मांड ठेवून बसायचं, हे तिला आधीच सांगून ठेवा.

मी गेले तेव्हा पावसाला घाबरून वरून प्लास्टिकचा पोंचो घातला होता. वारा सुटला, पोंचो फडफडला आणि घोड्याचे दोन्ही कान मागे वळले, मान ताठ झाली, पाठीखाली सगळं अंग आखडलेलं मला मांड्यांना जाणवलं. गाइड मुलगी खाली उतरली, काही न बोलता पोंचो काढून घेतला, घोड्याच्या ओल्या आयाळीत हात घालून उभी राहिली आणि मला म्हणाली लगाम सैल सोड. मी इतका आवळून धरला होता की बोटं पांढरी पडली होती. सैल सोडला तसा तो मोठ्ठा फुरफुरला आणि चालायला लागला. त्यामुळे फडफडणारं काही नको, ओढणी नको, पाठीवर सॅक नको, मोबाइल चेनच्या खिशात. जूनमध्येसुद्धा दहा-बारा डिग्रीच असतात, आतून थर्मल आणि लोकर घाला, जीन्स नको, भिजली की वाळत नाही. हेल्मेट तिथेच मिळतं, बऱ्याच ठिकाणी पावसाचा जाड सूटही देतात.

सासूबाईंचं मात्र मनापासून सांगते. चढायला ठोकळा असतो, ते जमेल, पण रिकिबीत गुडघे सतत वाकलेले राहतात आणि खरा त्रास उतरताना होतो. त्यांच्या डॉक्टरांना विचारा, तबेल्याला आधीच मेल करा, वजनाची मर्यादाही विचारून घ्या, आणि चौघांसाठी एक तासाचीच राइड घ्या. डॉक्टर नाही म्हणाले तर त्यांना गाडीत बसवून ठेवू नका, घोड्यांजवळ उभं राहता येईल का, खरारा करता येईल का असं तबेल्यात विचारा, खूपदा हो म्हणतात. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये घोडेस्वारी कव्हर आहे का ते पॉलिसी उघडून वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

प्रश्न : मी म्युनिकला असतो, आईबाबा सप्टेंबरमध्ये येतायत, तेव्हा आइसलँडला घोडे बघायला मिळतील का? बसायचं नाहीये, फक्त बघायचंय.
– एक वाचक, म्युनिक

उत्तर : सप्टेंबर तर उत्तमच! उन्हाळाभर डोंगरात मोकळी सोडलेली मेंढरं आणि घोडे तेव्हा खाली आणतात, त्याला 'रेत्तिर' म्हणतात. गोल कुंपण असतं, त्याला चाकाच्या आऱ्यांसारखे कप्पे, आणि प्रत्येक शेतकरी आपापलं जनावर ओळखून आपल्या कप्प्यात ओढतो. घोड्यांचं बघायचं तर उत्तरेला स्कागाफ्योर्दुरमध्ये लौफस्कालारेत्त, महिन्याच्या शेवटच्या शनिवार-रविवारच्या सुमारास. राहायची सोय लवकर करा आणि कुंपणाच्या बाहेरूनच बघा, आईबाबांना गमबूट घ्या, चिखल भरपूर असतो.