२३०० ग्राहकांसाठी न्यूजलेटर : तीन दिवसांचं काम अडीच तासांवर कसं आलं

तुमचा प्रश्न मला कळला तो असा : कोल्हापुरात घरगुती मसाल्यांचा ब्रँड आहे, वेबसाइटवरच्या ऑर्डरींमधून २३०० ईमेल पत्ते जमलेत. दर पंधरवड्याला न्यूजलेटर पाठवायचं ठरवलंय, पण एकेका अंकात तीन दिवस जातात आणि एवढं करून कुणी वाचत नाही. शिवाय मराठीत पाठवावं की इंग्रजीत?

मी सांगलीकडच्या एका मसालेवाल्या काकूंचं न्यूजलेटर चार वर्षं लिहिते आहे. काकू माझ्या नात्यातल्या नाहीत, पण दुकानात येणारा प्रत्येक जण त्यांना काकूच म्हणतो. पहिल्या वर्षी माझेही तीन दिवस जायचे. मग एकदा चिडून घड्याळ लावून बसले. प्रत्यक्ष लिहायला पाऊण तास लागला होता. बाकी सगळा वेळ ‘या वेळी काय टाकायचं’ यात, फोटो शोधण्यात आणि बॅनरचा लाल रंग थोडा अजून लाल करण्यात गेलेला. म्हणजे लिहिण्याचा वेग वाढवून काही हाती लागणार नव्हतं. काय लिहायचं हे आधीच ठरलेलं असायला हवं होतं.

ते ठरवून देणारी वस्तू दुकानातच निघाली. काकूंच्या गल्ल्याशेजारी उधारीची वही असते, तिच्या मागच्या पानांवर मी ग्राहकांचे प्रश्न लिहून ठेवायला सांगितले. फोनवर, व्हॉट्सॲपवर, काउंटरवर कुणी काही विचारलं की एक ओळ. कोण ते नाही, फक्त काय ते. महिनाभरात दोन पानं भरली. ‘गोडा मसाला नि काळा मसाला एकच का?’ ‘चटणी (आमच्याकडे चटणी म्हणजे तिखट कांदा-लसूण मसाला) फ्रिजमध्ये ठेवायची का?’ ‘दगडफूल धुवायचं असतं का?’ ‘किलोच्या चटणीला मिरच्या किती लागतात?’ शेजारी रेघा मारायच्या, तोच प्रश्न पुन्हा आला की अजून एक रेघ. ज्या प्रश्नाला जास्त रेघा, तो पुढच्या अंकाचा विषय. डोकं चालवायचं कामच उरलं नाही.

एक उदाहरण अगदी जवळून दाखवते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. सुरुवातीच्या एका अंकाची विषयओळ होती, ‘मे महिन्याचे न्यूजलेटर – अंक ७’. आत काकूंचं मनोगत, तीन उत्पादनं, एक पाककृती, एक सुविचार (हो, सुविचार) आणि दहा टक्के सवलत. त्या अंकाला एकही उत्तर आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात वहीत एकाच प्रश्नापुढे अकरा रेघा झाल्या, तेव्हा हे गेलं :

‘विषय : यंदा चटणी गडद का दिसते?

नमस्कार. गेल्या पंधरवड्यात अकरा जणांनी हेच विचारलं. कारण खोबरं. या खेपेचं खोबरं आम्ही जरा जास्त खमंग भाजलं, त्याने रंग दबला. ब्याडगी आणि संकेश्वरीचं प्रमाण नेहमीचंच आहे, तिखटपणाही तोच. रश्श्याला लाल कट हवा असेल तर चटणी कडकडीत तेलात टाकू नका. गॅस बारीक करा, चटणी घाला आणि लगेच अर्धी वाटी गरम पाणी. तरीही नाही आवडली तर याच मेलला उत्तर द्या, दुसरं पाकीट पाठवू. – काकू’

एवढंच. फोटो एक, तोही मोबाइलवर काढलेला : दोन वाट्यांत दोन खेपांची चटणी शेजारी शेजारी. खाली ऑर्डर देण्याचं एक बटण. या मेलला इतकी उत्तरं आली की काकू दोन दिवस मला वाचून दाखवायला लावत होत्या. पाकीट बदलून फक्त दोघांनी मागितलं. आणि गंमत म्हणजे ज्यांना रंगाबद्दल काहीच वाटलं नव्हतं, त्यांनीही ‘चटणी संपत आली, बरी आठवण झाली’ म्हणून ऑर्डर दिली.

तेव्हापासून एका मेलमध्ये एकच गोष्ट. तीन उत्पादनं दाखवायची असतील तर तीन अंक. साचाही एकदाच करून ठेवलाय : वर छोटा लोगो, मग मजकूर, एक फोटो, एक बटण, खाली पत्ता आणि ‘यादीतून नाव काढा’ची लिंक. दर वेळी जुना अंक डुप्लिकेट करायचा आणि मधला मजकूर बदलायचा. रंग, फॉन्ट यांना हात लावायचा नाही, कितीही हात शिवशिवले तरी.

आमचा अडीच तासांचा हिशेब सांगते. बुधवारी दुपारी काकूंना फोन, वहीतला प्रश्न विचारायचा आणि त्या बोलतील ते रेकॉर्ड करायचं. वीस मिनिटं. त्या ‘खोबऱ्यानं खाल्ला गं रंग’ म्हणतात तेच वाक्य मला लागतं, माझ्या मनाने मी ‘रंगछटेत बदल जाणवू शकतो’ असं काहीतरी लिहिलं असतं. गुरुवारी तासभर लिहिणं. शुक्रवारी फोटो, साचा, तपासणी. शनिवारी सकाळी मेल जातो, कारण रविवारी आपल्याकडे घरोघरी मटणाचा बेत असतो नि चटणीचा डबा तेव्हाच उघडला जातो. वार-वेळेवर लोक फार काथ्याकूट करतात. तुमचं गिऱ्हाईक तुमची वस्तू कधी हातात घेतं ते बघा आणि त्याच्या थोडं आधी पोचा.

एआयबद्दलही विचाराल, म्हणून सांगते. मसाल्याचा मजकूर त्याला लिहायला दिला की ‘चवीची अविस्मरणीय सफर’ निघते. मी त्याला फक्त तपासायला बसवते : किंमत दोन ठिकाणी वेगळी आहे का, तारीख-वार जुळतो का, एखादं वाक्य दोनदा आलंय का. त्या कामाला बरं आहे.

वर्षाचा आराखडा मात्र वहीवर सोडू नका, तो पंचांगावर ठरतो. मार्च ते मे म्हणजे बेगमीचे दिवस, वर्षाची चटणी तेव्हाच कुटून होते. त्या काळात महिन्याला दोन मेल लोक आनंदाने वाचतात. श्रावणात कांदा-लसूण मसाल्याची जाहिरात पाठवण्याचा गाढवपणा मी एकदा केलाय, एका आजींनी उत्तरात ‘पंचांग नाही का घरात?’ एवढंच लिहिलं होतं. श्रावणात गोडा मसाला, दिवाळीआधी चिवड्याचा मसाला. बाकीच्या महिन्यांत एकच अंक पुरे. तुम्ही ‘दर पंधरवड्याला’ हे स्वतःवर लादून घेतलंय, गिऱ्हाइकाने मागितलेलं नाही.

आता ‘कुणी वाचत नाही’ याकडे. आधी खात्री करा की मेल पोचतोय. पाठवणाऱ्याचा पत्ता जर फुकटचा जीमेलचा असेल आणि तुम्ही मेल एखाद्या न्यूजलेटर सेवेतून पाठवत असाल, तर तो स्पॅममध्ये जायची दाट शक्यता. स्वतःच्या डोमेनचा, म्हणजे @ नंतर आपल्या वेबसाइटचं नाव असलेला पत्ता घ्या. वेबसाइट आहेच, म्हणजे डोमेनही आहे. त्यावर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी करून घ्या. एसपीएफ सांगतं की आमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात. डीकेआयएम म्हणजे मेलवरची सही. या दोन्हींत गडबड दिसली तर मेलचं काय करायचं, ते डीमार्क सांगतं. न्यूजलेटर सेवा या नोंदी तयार करून देते, वेबसाइटवाल्या मुलाला त्या चिकटवायला अर्धा तास पुरतो. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना हे सक्तीचं केलं. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५००० मेल पाठवणारे गुगलच्या लेखी मोठे. तुम्ही त्यात बसत नाही, तरी करा. त्याच नियमांत नाव काढण्याची सोय एका क्लिकवर हवी आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत हव्यात असंही आहे. २३०० च्या यादीत ०.३ टक्के म्हणजे सात माणसं. सात जणांनी वैतागून स्पॅमचं बटण दाबलं की संपलं.

म्हणून नाव काढायची लिंक बारीक राखाडी अक्षरात लपवू नका. लिंक सापडली नाही की माणूस स्पॅमचं बटण दाबतो. आणखी एक गोची : साधारण १०२ केबीच्या वर गेलेला मेल जीमेल मधेच कापतं आणि ही लिंक नेमकी शेवटी असते. देवनागरीचं एक अक्षर तीन बाइट खातं हे खरं, पण नुसत्या मजकुराने १०२ केबी भरायला लांबलचक कथाच लिहावी लागेल. मेल फुगतो तो वर्डमधून थेट कॉपी-पेस्ट केल्याने, कारण अक्षरांबरोबर अदृश्य कोडचं गाठोडं येतं. आधी नोटपॅडमध्ये टाकून मग उचला.

कॉपी-पेस्टवरून माझी सगळ्यात मोठी फजिती आठवली. दिवाळीचा मजकूर काकूंनी पत्रकासाठी छापखान्यात टाइप करून घेतला होता. मी तोच उचलला. माझ्या कॉम्प्युटरवर झकास दिसला, कारण तो जुना डीटीपीचा फॉन्ट माझ्याकडे होता. गिऱ्हाइकांच्या मोबाइलवर तो नव्हता. शुभेच्छांच्या जागी लोकांना कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी मिळाली. एकाने काळजीने फोन केला, ‘तुमचा मेल हॅक झालाय.’ छापखान्यातून आलेला मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत बदला, नाहीतर सरळ पुन्हा टाइप करा. आणि पाठवण्याआधी एक मेल स्वतःच्या, एक घरातल्या दुसऱ्या कुणाच्या साध्या अँड्रॉइड फोनवर उघडून बघा. माझ्या आईचा फोन त्या कामासाठीच आहे असं ती म्हणते.

याच भीतीने काही जण अख्खा मजकूर पोस्टरसारखा चित्रात टाकतात. ते करू नका. काही ठिकाणी चित्रं आपोआप दिसतच नाहीत, मग गिऱ्हाइकाला कोरी चौकट दिसते, आणि सहा महिन्यांनी त्याने मेलमध्ये ‘गोडा मसाला’ शोधला तर तुमचा अंक सापडत नाही.

किती जणांनी उघडला, या आकड्यावर खूश किंवा नाराज होऊ नका. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये अशी सोय आहे की माणसाने मेल पाहो न पाहो, आतली चित्रं आधीच उतरवली जातात. त्यामुळे न उघडलेला मेलही उघडल्यासारखा मोजला जातो. मी तीनच गोष्टी लिहून ठेवते : उत्तरं किती आली, बटण किती जणांनी दाबलं, आठवड्यात ऑर्डरी किती आल्या.

यादीबद्दल एक नावडती गोष्ट. ऑर्डर देताना पत्ता दिला म्हणजे न्यूजलेटरला होकार दिला असं होत नाही. २०२३ मध्ये आपल्याकडे डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला, त्याचा कणाच संमती हा आहे. सगळ्यांना एकदा साधा मेल पाठवा : ‘महिन्याला एक-दोन पत्रं पाठवणार आहोत, हवी असतील तर इथे दाबा.’ २३०० चे कदाचित ८०० होतील. काकूंना ते ऐकून धसका बसला होता. पण राहिलेले लोक मागून घेऊन वाचणारे असतात, आणि बऱ्याच सेवा पत्त्यांच्या संख्येवर पैसे घेत असल्याने खर्चही उतरतो. जे पत्ते बंद पडलेत, मेल परत येतो, ते त्याच दिवशी काढा. आणि ‘उत्तर देऊ नये’ छापाचा पत्ता अजिबात नको. अंकांचा निम्मा मजकूर तर उत्तरांतूनच येतो, ती सगळी परत वहीत जातात.

राहिला भाषेचा प्रश्न. त्या होकाराच्या मेलमध्येच दोन बटणं ठेवा, ‘मराठीत पाठवा’ आणि ‘इंग्रजीत पाठवा’. आम्ही आधी सगळ्यांना इंग्रजीतच पाठवायचो, कारण काकूंचं म्हणणं, पुण्या-मुंबईची नि अमेरिकेतली माणसं मराठी कुठे वाचतात. मग मी जुनी उत्तरं काढून बसले. आमच्या इंग्रजी मेलांना आलेली बरीचशी उत्तरं मराठीत होती, फक्त रोमन अक्षरांत. न्यू जर्सीहून एकीने लिहिलं होतं, ‘काकू, चटणी संपली, आईला सांगू नका मी विकत घेते ते.’